सतरा-बी वरचा दुपट्टा

अमरावती,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय महादेवराव यांस,

जय भीम. पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुमचे पोळ्याचे पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज वही उघडतो आणि काळजीत पडून मिटतो. फोन करावा तर तुमचे कान गेलेले. मी ओरडतो, तुम्ही नुसते "हो, हो" करता आणि समोरच्या घरातले लोक काय भांडण झाले म्हणून दारात येतात. म्हणून पत्रच बरे.

बातमी तुम्हाला कुलदीपकडून कळली असेल. माझ्या मायाला नोव्हेंबरात दिवस भरतात. तिची आई असती तर ती बाळंतपणाला माहेरी आली असती. आता माझ्या घरी येऊन करायचे काय? ती बंगळुरूहून म्हणते, "बाबा, आई नाई, तर तुमी तरी या." पोरीने तिसऱ्यांदा बोलावले आहे. मागे दोनदा तिने रेल्वेचे तिकीट काढून दिले आणि दोन्ही वेळा मी रद्द करायला लावले. एकदा पाण्याची मोटर बिघडायच्या बेतात होती. दुसऱ्यांदा काय झाले होते ते मलाच आठवत नाही. पण तिला आठवते.

आता तुमच्या कुलदीपने आणि माझ्या अनुपने मिळून तुमचे-माझे विमानाचे तिकीट काढले. तुम्हाला लेकीकडे, सीमाकडे जायचे, मला मायाकडे, दोघी एकाच शहरात. १७ ऑक्टोबर, शुक्रवार. इथे जवळच बेलोऱ्याला आता विमानतळ झाले, पण बंगळुरूचे विमान नागपूरहूनच सुटते. माझी जागा १७ ए, तुमची १७ बी. अनुप म्हणतो, जागा छापून आली, आता कोणी घेत नाही. माझा यावर विश्वास नाही. एसटीतही आरक्षण असायचे, पण बसलेला माणूस कधी उठला का? मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आपण सव्वीस वर्षे कामाला गेलो. मी अमरावतीला चढून खांद्यावरचा दुपट्टा टाकायचो आणि तुम्ही तेव्हा बडनेऱ्याला राहायचे, तिथे चढून त्यावर बसायचे. जागा अशी मिळते. कागदावर नाही.

अनुपला मी स्पष्ट सांगितले आहे, महादेवराव बाजूला असतील तरच मी बसतो. तुम्हाला भीती वाटते का ते कळवा. मला वाटते.

तुमचा
शेषराव


अकोला,
२१ सप्टेंबर २०२५

शेषराव,

जय गुरु. भीती कशाची? मला तर कधी बसतो असे झाले आहे. गोदा म्हणते, "लेकराच्या वर झालं तुमचं." तिला विमान नको, तिचे डोके फिरते, म्हणून ती मागे राहणार.

मला फार गोष्टी पाहायच्या आहेत. विमानाला मागे यायचे असले तर ते कसे येते? पंख हलतात का? खिडकी उघडत नाही म्हणतात, मग उलटी आलेल्या माणसाने करायचे काय? आणि मुख्य म्हणजे वरून आपला कापूस दिसतो का? आपण दोघांनी आयुष्यभर कापूस हातात घेऊन, धागा ओढून प्रत सांगितली. एकदा वरून पाहावा असे फार मनात आहे. दिवाळीच्या तोंडावर बोंडे फुटलेली असतील. खिडकीची जागा तुमची आहे, पण अर्धा वेळ मी तुमच्या अंगावरून वाकून पाहणार, आत्ताच सांगून ठेवतो.

मंगळवारी कुलदीप मला डॉक्टरकडे नेतो आहे. जिना चढताना थोडे दम लागल्यासारखे होते, बाकी काही नाही. उगाच काळजी करू नका. मोटर बिघडली तरी तिकीट रद्द करू नका.

महादेव


अमरावती,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय महादेवराव,

जय भीम. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही लिहिले नाही. कुलदीपला विचारले तर म्हणाला, "ठीक हाय काका, बीपी." बीपी मलाही आहे.

दसऱ्याला दीक्षाभूमीला गेलो होतो. गर्दीत उभा असताना डोक्यावरून विमान गेले, इतके खाली की पोटावरची अक्षरे दिसली. सगळे लोक दर्शनाच्या रांगेत पुढे पाहत होते, मी एकटा वर पाहत होतो. पंख हलत नाहीत. तुमच्या एका प्रश्नाचे उत्तर झाले.

इथे रोज नवा नियम कळतो. पंधरा किलो सामान मोठ्या बॅगेत आणि सात किलो हातात. अनुपने बॅग घरच्या वजनकाट्यावर ठेवली. मी म्हटले, हा काटा मारतो. तो म्हणाला, "बाबा, तुमी जिनिंगमधून रिटायर झाले ना?" झालो, म्हणूनच सांगतो. शेवटी किराणावाल्याकडे नेऊन मोजली. सव्वापंधरा भरली. एक लुगडे काढावे लागले. ते मायाच्या आईचे होते, बाळाला दुपटी शिवायला नेत होतो. ते आता हातातल्या पिशवीत घातले.

अडकित्ता नेता येत नाही म्हणतात. सुपारी नेता येते. मग ती फोडायची कशाने, हे कोणी सांगत नाही.

नागपूरला आपण सोबतच जाऊ. मी सोळा तारखेला अकोल्याला मुक्कामाला येतो, तिथून दोघे निघू. उलटे पडते, पण मला बरे वाटेल.

शेषराव


अकोला,
११ ऑक्टोबर २०२५

शेषराव,

जय गुरु. तुम्ही अकोल्याला येऊ नका. उलटे कशाला पडता? अनुप तुम्हाला अमरावतीहून गाडीने सोडेल, मला कुलदीप इथून परस्पर नागपूरला आणेल. त्याला वाटेत कारंज्याला काम आहे, म्हणून उशीर होईल. तुम्ही माझ्यासाठी बाहेर थांबू नका. सरळ आत जा आणि जागा धरा. मी मागून येतो.

गोदाने मायासाठी डिंकाचे लाडू केले आहेत. डबा कुलदीपबरोबर अमरावतीला पाठवतो. तुम्ही विचाराल, तुम्हीच का आणत नाही. माझ्या बॅगेत सीमाचे पापड-सांडगे खच्चून भरले आहेत, वजन होते. डबा हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत टाकू नका, लाडू फुटतील. वरचे कापड विमान उडाल्यावरच सोडा, तोपर्यंत सोडू नका, वास जातो.

तिथे सगळे नीट पाहा. कापसाचे विसरू नका. मी विसरलो तरी तुम्ही पाहून ठेवा.

महादेव


बंगळुरू,
२४ ऑक्टोबर २०२५

महादेवराव,

जय भीम. राग आहे, म्हणून सात दिवस पत्र लिहिले नाही. आता लिहितो, कारण सांगायचे फार साठले आहे आणि इथे माझ्याशी बोलायला कोणी मोकळे नाही. माया झोपते, जावई कॉम्प्युटरशी बोलतो.

सुरुवातीपासून सांगतो. विमान दुपारी दीडचे होते, आम्ही सकाळी आठलाच पोचलो. अनुपला दारावरच अडवले. घरचा माणूस सोडायला आला तर त्याला आत येऊ देत नाहीत. आपल्याकडे एसटी हलेपर्यंत लोक खिडकी धरून बोलतात, इथे बोलायला खिडकीच नाही. काचेपलीकडून तो हात हलवत होता आणि मी त्याला ओरडून सांगत होतो की मोटर बंद करायला विसरू नको.

आत तपासणी. चप्पल काढा, पट्टा काढा, चष्मा आणि मोबाइल प्लास्टिकच्या परातीत ठेवा. चौकटीतून गेलो तर यंत्र ओरडले. पुन्हा गेलो, पुन्हा ओरडले. शिपाई म्हणाला, "बाबाजी, अंदर क्या है?" मग लक्षात आले, करदोड्याला कपाटाची किल्ली बांधली होती. मागे एवढी रांग, दिवाळीच्या सुट्या, लेकराबाळांनी भरलेले, आणि मी सदरा वर करून गाठ सोडत उभा. अडकित्ताही शेवटी पिशवीत निघालाच. तो घेतला. त्यांच्याकडे एक पेटीच आहे, त्यात कात्र्या, सुऱ्या, आणखी दोन अडकित्ते. म्हणजे मी एकटा नाही. त्या पेटीचे पुढे काय करतात, हे विचारायचे राहिले. आणि या घाईत चष्मा परातीतच राहिला.

हॉलमध्ये बसायला जागा नाही. लोक जमिनीवर. मी फिरून फिरून खांबाजवळ दोन खुर्च्या मिळवल्या. एकीवर मी, दुसरीवर तुमच्यासाठी पिशवी. एक बाई आली, म्हणाली, "यहाँ कोई है?" मी म्हणालो, "है. आनेवाला है." अशा सहा जणांना परत पाठवले. विमान दोन तास उशिरा असल्याचे कळले, तेव्हा मला आनंदच झाला. म्हटले, बरे झाले, महादेवरावांना वेळ मिळेल. मग दोन नंबरचे दार बदलून चार नंबर झाले. सगळे सामान घेऊन पळाले. मी हललो नाही. मी हललो असतो तर तुम्ही मला शोधणार कुठे?

तुम्हाला फोन लावून उपयोग नाही, कुलदीप उचलेना. शेवटी म्हटले, तपासणीच्या तोंडाशी जाऊन पाहावे, किल्लीने किंवा कशाने तुम्हीही अडकला असाल. तुमच्या खुर्चीवर पिशवी होतीच. माझ्या खुर्चीवर दुपट्टा टाकला आणि गेलो.

तिथे काचेला नाक लावून मी किती वेळ उभा होतो, माहीत नाही. प्रत्येक पांढरी टोपी तुमची वाटत होती. परत आलो तर खांबाभोवती कोणी नाही. एवढी गर्दी, आणि मधे मोकळे मैदान. दोरी लावलेली. बंदूकवाले चार जण. माझ्या पिशवीकडे पाहत उभे. भोंग्यावर काहीतरी इंग्रजीत चालले होते. मला वाटले, माझ्या खुर्चीवर साप-बिप निघाला. मी दोरीखालून आत गेलो.

"रुको! किसका बैग है?"

"माझीच हाय. जागा धरली व्हती."

त्यांना काही समजेना. त्यांनी वर्दीतल्या एका पोरीला बोलावले. ती आपल्याकडची, मोर्शीची निघाली.

"बाबा, बॅग अशी सोडून जाते का कोणी? आता कुत्रं आनणार व्हते."

"कुत्रं काऊन? लाडू हायेत."

"जागा कोनासाठी धरली?"

"महादेवराव येऊन राहिले अकोल्याहून."

तिने सगळे एकेक करून बाहेर काढायला लावले. मायाच्या आईचे लुगडे निघाले. मग डबा. "खोला," म्हणाली. मी म्हटले, विमान उडाल्यावरच कापड सोडायचे आहे. त्यावर चौघेही माझ्याकडे असे पाहू लागले की मी काय बोललो ते मला तेव्हा कळले. तिनेच कापड सोडले. वर चिठ्ठी होती.

तुम्ही म्हणाल, चिठ्ठी मीच लिहिली, मला काय सांगता. पण ती दुसऱ्याच्या तोंडून कशी ऐकू येते, ते तुम्हाला माहीत नाही. माझ्याकडे चष्मा नव्हता.

"वाचू का बाबा?"

"वाच ना माय."

तिने मोठ्याने वाचले. "शेषराव, तुम्ही आता ढगात असाल. मी घरी आहे. हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या. डॉक्टरने विमान बंद केले. हे आधी सांगितले असते तर तुम्ही अनुपला तिकीट फाडायला लावले असते आणि मायाला तिसऱ्यांदा नाही म्हणाला असता. कुलदीप म्हणत होता, माझे तिकीट रद्द करू. मी करू दिले नाही. सतरा-बी माझ्याच नावावर आहे. सव्वीस वर्षे तुम्ही माझ्यासाठी जागा धरली, आज तुमच्या बाजूची मी धरली आहे. तिथे अनोळखी माणूस येणार नाही. दुपट्टा टाका आणि बसा. कापूस पाहा."

बंदूकवाल्यांपैकी एकाने विचारले, काय लिहिले आहे? तिने हिंदीत सांगितले. तो दोरी गुंडाळू लागला.

मी पिशवी भरली आणि म्हणालो, मला बाहेर जाऊ द्या, मी अकोल्याला जातो. खरेच निघालो होतो. हे कबूल करतो.

ती पोरगी आडवी उभी राहिली. "बाबा, त्या मानसानं एवढं खोटं बोलून तुमाले इथवर आनलं. तुमी तिथं जाऊन काय करसान? त्याच्या छातीत हात घालसान का? तुमच्या पोरीले कोन हाय तिथं?"

मी पिशवी पुन्हा खांद्याला लावली. तिने माणूस पाठवून परातीतला माझा चष्मा मागवला, तो माझ्या नाकावर चढवला आणि मला चार नंबरच्या दाराशी नेऊन सोडले. जाताना म्हणाली, "तिथं पोचल्यावर बॅग सोडू नका." तिला एक लाडू देत होतो. ड्यूटीवर चालत नाही म्हणाली.

विमानात सतरा-बी वर दुपट्टा टाकला. दारे लागायच्या वेळी एक गृहस्थ मागून आला. त्याला पाय लांब करायला तिथे बसायचे होते. हवाईसुंदरीनेही विचारले, "सर, इनके साथवाले कहाँ हैं?" माझ्या तोंडून निघून गेले, "बडनेरा से चढ़ेंगे." ती काय समजली कोण जाणे, पण त्या गृहस्थाला तिने दुसरीकडे बसवले.

आता तुमचे प्रश्न. विमान स्वतः मागे येत नाही, एक छोटा ट्रॅक्टर त्याला ढकलतो. उलटीसाठी समोरच्या खिशात कागदी पिशवी असते, मी एक तुमच्यासाठी ठेवली आहे, कोरी. उतरल्याबरोबर सगळे उठून उभे राहतात आणि दार उघडत नाही, म्हणजे बडनेरा आल्यावर होते तेच. आणि कापूस दिसत नाही. शेते गोधडीसारखी दिसतात, कापसाचे कोणते आणि तुरीचे कोणते, काही कळत नाही. पण त्यानंतर ढग आले. महादेवराव, मी खिडकीला डोके लावून तासभर प्रत पाहिली. लांब धाग्याचा माल. पिवळेपणा नाही, किडका एक बोळा नाही, पाचोळा नाही. ओलावा तेवढा सांगता येत नाही, हात पोचत नव्हता. एक नंबर लावला असता. तुम्हीही तोच लावला असता.

माया बरी आहे. मला पाहून ती दारात रडली. माझा राग तुमच्यावर अजून आहे. ऑपरेशन कधी आहे?

शेषराव


अकोला,
२ नोव्हेंबर २०२५

शेषराव,

जय गुरु. तुमचे पत्र तीनदा वाचले. कुलदीपने एकदा मोठ्याने वाचले तेव्हा "बडनेरा से चढ़ेंगे" ला घरातले सगळे हसले. चिठ्ठी खाली जमिनीवरच फुटली याचे वाईट वाटले. वर फुटायची होती. खोटे बोललो, माफ करा.

ढगांचा ओलावा किती असेल, यावर मी विचार करतो आहे. आठ टक्क्यांच्या वर असला तर एक नंबर लागत नाही, हे तुम्ही विसरलात.

ऑपरेशनची घाई नाही. आधी दिवाळी होती, आता तूर फुलावर आहे, कुलदीपला शेतात वेळ नाही. डॉक्टर म्हणतात त्या सगळ्याच गोष्टी लगेच करायच्या नसतात. पुढे पाहू. तुम्ही मायाकडे लक्ष द्या, माझ्याकडे पाहू नका.

महादेव

शेषरावभाऊ, मी गोदा. हे बाहेर गेले म्हणून खाली चार ओळी लिहिते. दोनदा तारीख मिळाली होती. दोनदा यांनीच पुढं ढकलली. कुलदीपला वेळ आहे, तुरीचं नाव पुढं करतात. यांना भीती वाटते. तुम्हाला विमानात बसवलं आणि स्वतः मात्र बसत नाहीत. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.


बंगळुरू,
९ नोव्हेंबर २०२५

महादेवराव,

जय भीम. परवा, म्हणजे शुक्रवारी, मायाला मुलगी झाली. पावणेतीन किलो. दवाखान्याचा काटा बरोबर आहे, मी विचारून घेतले. आजीच्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळली आहे. नाक तिच्या आजीचे आहे. माया म्हणते, "बाबा, तुमी आले नसते तर मी काय केलं असतं?" मी काही केले नाही. दोन रात्री दवाखान्याच्या बाहेर बसलो, एवढेच. पण बसलो.

गोदावहिनींवर रागावू नका, पण मला सगळे कळले. तूर तुमच्यासाठी थांबलेली नाही. मी मोटरीचे नाव सांगायचो, तुम्ही तुरीचे सांगता. तुम्हाला भीती वाटते. मी सप्टेंबरात विचारले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, भीती कशाची. मला वाटते हे मी लिहिलेच होते. तुम्ही खरे सांगितले असते तर आपण दोघे काहीतरी बोललो असतो.

मी २० तारखेच्या विमानाने परत येतो. एकटा. किल्ली आता करदोड्याला नाही, खिशात आहे. अडकित्ता तर गेलाच, सुपारीही सोडली. नागपूरला उतरून अमरावतीला न थांबता थेट अकोल्याला येईन. जेव्हा तारीख असेल, त्या सकाळी दवाखान्याचे दार उघडायच्या आधी मी तिथे असेन. बाहेरच्या बाकावर दोन जागा धरतो, एक गोदावहिनींसाठी आणि एक तुमच्यासाठी, तुम्ही बरे होऊन बाहेर येऊन बसायला. पिशवी ठेवणार नाही. दुपट्टाच टाकीन. कोणी विचारले तर काय सांगायचे ते मला माहीत आहे.

मला विमानात बसवायला तुम्ही एवढे खोटे लिहिले. आता एकच खरी गोष्ट लिहा, तिसरी तारीख कोणती. पुढे ढकलू नका. पत्र टाकायला उशीर होत असेल तर कुलदीपकडून फोन करवा, पण लवकर कळवा. मी वाट पाहून राहिलो.

तुमचा
शेषराव